उरेबी पट्टी



घरी शिवलेले झबले आणि सरावलेल्या शिंप्याने शिवलेले झबले शेजारी शेजारी ठेवून पाहा. पुष्कळदा फरक दिसतो तो बाह्यांत नाही, घेरात नाही. तो दिसतो गळ्याशी. घरच्या झबल्याचा गळा दोन धुण्यांत वेडावाकडा होतो, कुठे फुगतो, कुठे आवळतो. शिवाय आत मुडपलेली जाड शिवण बाळाच्या मानेला घासते ते वेगळेच. मग ‘‘मला बाई गळा काही जमत नाही,’’ असे म्हणून कापड शिंप्याकडे जाते. पण गळा तितका अवघड नाही. त्याला हवी असते उरेबी पट्टी. ती आपण एक तर लावत नाही, किंवा कापड वाचवायच्या नादात चुकीची कापतो.

उरेब हा फारसीतून आलेला शब्द. उरेबी म्हणजे तिरपी. कोणी तिला तिरकी पट्टी म्हणते. दुकानात क्रॉसपट्टी म्हटले की लगेच कळते. आता तिरपीच का, ते हातरुमालावर पाहा. रुमाल समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा. फारसा ताणत नाही, कारण उभे धागे आपल्याच लांबीने ओढले जातात. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल चांगला लांबतो आणि मधे अरुंद होतो. विणीतल्या बारीक चौकटी शंकरपाळ्यासारख्या होतात, धागा मात्र एकही लांबत नाही. गोल गळ्यावर पट्टी बसवायची तर तिची एक कड लांब आणि दुसरी आखूड व्हावी लागते. सरळ कापलेली पट्टी हे करीत नाही, म्हणून तिला चुण्या पडतात. उरेबी पट्टी वळते.

आपल्याकडच्या शिंप्यांना हे फार जुने ठाऊक आहे. चुडीदार विजार पोटरीला घट्ट बसते आणि तरी मांडी घालून बसता येते, ते कापड उरेबी बेतल्यामुळे. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने या बाईंनी १९२० ते १९४० च्या सुमारास अख्खे पोशाख उरेबी कापून मोठे नाव मिळवले. आपल्याला एवढे कापड खर्चायचे नाही. आपले काम उरलेल्या तुकड्यात होते.

तिरपी म्हणजे किती तिरपी? चौकोनी तुकडा कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडला की जी घडी पडते, तीच खरी उरेब, ४५ अंश. ‘‘जराशी तिरपी कापली तरी चालेल,’’ असे म्हणून लांबट तुकड्यातून पट्ट्या काढणाऱ्या पुष्कळ असतात. ते मुळीच चालत नाही. अशी पट्टी एका अंगाला जास्त ताणते, आणि धुतल्यावर पीळ घेते. त्यापेक्षा सरळ पट्टी परवडली, निदान ती फसवत तरी नाही.

एकेक पट्टी कापून जोडत बसण्यापेक्षा थैलीची रीत सोपी. चुडीदाराचे कापडही शिंपी आधी थैलीसारखे शिवूनच उरेबी करून घेतात. बरोबर ४० सेंटिमीटरचा चौरस घ्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून त्याचे दोन त्रिकोण करा. आता चौरसाची मूळची वरची कड आणि खालची कड सुलट्यावर सुलटे ठेवून, अर्धा सेंटिमीटर आत शिवून टाका. तिरपा चौकोन तयार होईल. त्याच्या लांब कडा तिरप्या कापलेल्या आहेत. त्यांना समांतर अशा चार-चार सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघा ओढा. मग उरलेल्या दोन कडा, म्हणजे मूळची डावी आणि उजवी, एकमेकींना जोडा. इथे नीट लक्ष द्या: रेघेला तीच रेघ भिडवायची नाही, एक रेघ सरकवून पुढची भिडवायची. एका टोकाला पट्टीएवढे कापड बाहेर राहील, राहू द्या. झाली थैली. त्या बाहेर राहिलेल्या टोकापासून रेघेवरून कात्री लावा, की जिलबीसारखी फिरत एकच अखंड पट्टी निघते. एवढ्याशा चौरसातून सुमारे पावणेचार मीटर! दोन झबली आणि एक लाळेरे सहज होते.

चार सेंटिमीटरची पट्टी चार पदरी दुमडली की एक सेंटिमीटरचा गोट बसतो. पट्टी आतल्या अंगाला उलटवून तुरपायची असेल तर तीन सेंटिमीटर पुरे. इस्त्री करताना ती वरून दाबावी, ओढू नये. ओढली की अरुंद होते.

आता शिवताना. गळा किंवा बाहीची मुंढी आत वळते, तिथे पट्टी किंचित ताणून धरावी. लाळेऱ्याची कड बाहेर वळते, तिथे उलट पट्टी सैल सोडावी. हे एवढे हाताला बसले की निम्मे काम झाले. मात्र गळ्याचे कापड स्वतः ताणू नका. तेही वळणावर तिरपेच कापलेले असते, आणि फुगतो तो त्यामुळेच. पट्टी उलटवायच्या आधी माया कमी करून तिला कात्रीने बारीक काप द्या, शिवणीच्या धाग्याला न लागता. आतली कड हाताने तुरपली तर बाळाच्या मानेला मऊ लागते. घरी शिवणकाम घेणाऱ्या भगिनींनी तर हा कंटाळा करूच नये. गिऱ्हाईक ब्लाउज हातात घेते ते आधी गळा उलटून पाहते.

आणि जिथे नको तिथे ही पट्टी लावू नका. पिशवीचे तोंड, उशीचा अभ्रा, चौकोनी गोधडी यांच्या कडा सरळ असतात. त्यांना सरळ पट्टीच बरी, ती कड ताणू देत नाही. दुपट्याचे कोपरे गोल केले असतील तर मात्र उरेबीच हवी.

कापड आधी भिजवून, वाळवून घ्यावे. सुती कापड आटले की पट्टी गळ्याला आवळते. पांढऱ्या झबल्याला लाल गोट शोभतो खरा, पण तो तुकडा पाण्यात वेगळा भिजवून पाहा. पाण्याला रंग आला तर तो तुकडा गोधडीसाठी ठेवा. विकतची तयार पट्टी मिळते. पण पुष्कळदा ती खळीने ताठ केलेली असते आणि धुतल्यावर अगदी विरविरीत होते. मऊ मलमलीची किंवा जुन्या धुतलेल्या पॉपलिनची घरची पट्टी तान्ह्या बाळाला अधिक चांगली. उरलेली पट्टी घडी घालून कोंबू नका. जाड पुठ्ठ्यावर, न ताणता, सैलसर गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढच्या झबल्याला ती तयारच असते.