सायंकालीन धूमकेतूचा शोध

१९७४ च्या जानेवारीत सूर्य मावळताच देशोदेशीची माणसे नैर्ऋत्येकडे डोळे लावून उभी राहत. शुक्र आणि गुरू चटकन दिसत. ज्याच्यासाठी हा खटाटोप होता, तो कोहुटेक धूमकेतू मात्र बहुतेकांना दिसलाच नाही.

लुबोश कोहुटेक यांना तो मार्च १९७३ मध्ये हॅम्बुर्गच्या वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्रांवर आढळला. त्या वेळी तो जवळजवळ गुरूच्या कक्षेइतका दूर होता. एवढ्या अंतरावरून जो दिसतो, तो २८ डिसेंबरला सूर्यापासून अवघ्या सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटरांवर आल्यावर किती तळपेल, असा हिशेब झाला आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘शतकातील धूमकेतू’ ठरवून टाकले. हिशेबातील गृहीतच कच्चे होते. सूर्याजवळ बहुधा प्रथमच येणाऱ्या धूमकेतूवरील अतिबाष्पनशील पदार्थ तो दूर असतानाच उडू लागतात. आरंभीचे तेज पुढच्या तेजाची हमी देत नाही.

तथापि सगळा दोष धूमकेतूच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. जानेवारीच्या मध्यास तो चौथ्या प्रतीच्या आसपास होता. त्या प्रतीचा तारा काळोख्या रात्री सहज दिसतो, कारण त्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश आकाशाच्या मोठ्या भागावर पसरतो आणि शहराच्या उजेडात विरून जातो. त्यात ८ जानेवारीला पौर्णिमा. म्हणजे पहिला आठवडा चांदण्यातच गेला.

संध्याकाळच्या धूमकेतूची वेळ साधणे कठीणच. लवकर पाहावे तर संधिप्रकाश आड येतो. थांबावे तर धूमकेतू क्षितिजालगतच्या धुळीत बुडतो. भारतात संधिप्रकाश युरोपपेक्षा लवकर ओसरतो, ही सोय; हिवाळ्यातील धूर आणि धुके, ही गैरसोय. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, पश्चिम क्षितिज मोकळे असेल अशा जागेवरून, साध्या द्विनेत्री दुर्बिणीने क्षितिजाला समांतर सावकाश शोध घ्यावा. सूर्य पूर्ण मावळण्यापूर्वी मात्र दुर्बीण उचलूच नये. धूसर ठिपका सापडला, की त्याच्याकडे रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. मंद प्रकाश तसा अधिक जाणवतो.

स्कायलॅबमधील अंतराळवीरांना धूर आणि धुके यांचा अडसर नव्हता. डिसेंबरच्या अखेरीस त्यांना तो तेजस्वी दिसला. एडवर्ड गिब्सन यांनी त्याची रेखाचित्रे काढली. त्याच्या वर्णपटात पाण्याच्या विद्युत्‌भारित रेणूंच्या खुणाही सापडल्या. शास्त्रज्ञांना तो धूमकेतू फसवा वाटला नाही.

पुढे मार्च १९७६ मध्ये वेस्ट धूमकेतू पहाटेच्या आकाशात खरोखरच लखलखत उगवला. पोळलेल्या वृत्तपत्रांनी या वेळी त्याचा फारसा गाजावाजा केला नाही, आणि पुष्कळ लोक झोपूनच राहिले.