आतल्या खोलीची नोंद

(अजिंठा, जि. छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



निवडणुकीच्या माहितीपटांविषयी बोलण्यासाठी अजिंठ्याला बोलावणे आले, तेव्हा प्रथम मला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील एक चित्र आठवले. राजाच्या स्नानाचे ते दृश्य आहे. चित्रकाराने राजा रेखाटला, तसेच त्याच्या मस्तकावर घडे रिते करणारे सेवकही रेखाटले. सिंहासनाच्या मागे राबणारे हात त्याला नोंदीयोग्य वाटले. आजच्या विषयाचे बीज मला तेथेच दिसते.

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सभा, मिरवणूक आणि गुलाल येतो. परंतु निवडणूक घडते ती आतल्या खोलीत. त्या खोलीत कॅमेरा प्रथम शिरला तो 1960 साली, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात. केनेडी आणि हम्फ्री हे एकाच पक्षाचे दोन नेते अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंजत होते. रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने खांद्यावर पेलेल असा हलका कॅमेरा घेऊन दोघांचा पाठलाग केला आणि ‘प्रायमरी’ हा माहितीपट तयार झाला. गर्दीतून वाट काढणाऱ्या केनेडींच्या पाठीमागून चाललेला तो कॅमेरा पुढे जगभर अनुकरणाचा विषय ठरला. 1992 च्या क्लिंटन यांच्या प्रचारावर ‘द वॉर रूम’ हा माहितीपट निघाला. त्यात उमेदवार क्वचितच दिसतो. दिसतात ते लिटल रॉक येथील प्रचार कार्यालयात रात्री जागवणारे लोक. मतदानाच्या आदल्या दिवशी सहकाऱ्यांशी बोलताना प्रमुख प्रचार-रणनीतिकार कारव्हिल यांचा कंठ दाटून येतो. हे दृश्य पाहताना, ज्याने आयुष्यात एकदा तरी मतदारयाद्या घेऊन उन्हातान्हात घरे पालथी घातली आहेत, त्याला देश परका वाटत नाही.

तिसरे उदाहरण फ्रान्सचे आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. 1974 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जिस्कार देस्तँ यांनी स्वतःच रेमों देपारदों या छायाचित्रकाराला आपल्या प्रचाराचे चित्रीकरण करण्यास सांगितले. ते निवडून आले. चित्रपट मात्र त्यांना रुचला नाही आणि तो अडवून ठेवण्यात आला. प्रेक्षकांपर्यंत तो पोहोचला 2002 साली, अठ्ठावीस वर्षांनंतर! विजयी माणसालाही आपले खरे प्रतिबिंब सोसवले नाही. दार उघडणे एक वेळ सोपे, उघडलेल्या दारातून जे बाहेर जाईल ते मान्य करणे कठीण.

आता आपल्या अंगणाकडे वळू. येथून घाट उतरले की खानदेश लागतो. त्या जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील 2007 साली राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या. समोर होते उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, राजस्थानचे तीन वेळा मुख्यमंत्री राहिलेले, जनसंघाच्या पिढीतील नेते. आपल्याकडे राष्ट्रपती थेट जनतेकडून निवडला जात नाही. खासदार आणि आमदार मतदान करतात. त्या वेळी खासदाराच्या मताचे मूल्य 708 होते, महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे 175. मतदान गुप्त, पक्षादेश लागू होत नाही. अशा निवडणुकीचा प्रचार मैदानात होत नाही. तो बैठकीत, दूरध्वनीवर आणि मनधरणीत होतो. म्हणजे ही निवडणूक जवळजवळ संपूर्णपणे आतल्या खोलीचीच!

त्या खोलीत महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठे नाट्य घडले. शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती. मैत्री आणि वैचारिक जवळीक शेखावतांकडे ओढत होती, मराठी अस्मिता प्रतिभाताईंकडे. बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवाराच्या पारड्यात वजन टाकले. निकालात प्रतिभाताईंच्या मतांचे मूल्य 6,38,116 भरले, शेखावतांचे 3,31,306. देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा तो निर्णय बोचला असेल, काहींना अभिमानही वाटला असेल. प्रादेशिक अस्मिता आणि व्यापक विचार यांच्यात ताण आला असता माणसे कशी विचार करतात, कोण कोणाला काय सांगतो, कोण गप्प राहतो, हे जाणून घेण्याची केवढी संधी त्या आठवड्यांत होती! आकडे सरकारी दप्तरात राहिले. ते मंथन मात्र ज्यांच्या मनात झाले, त्यांच्याबरोबरच विरत चालले आहे.

कोणी म्हणेल, आज कॅमेऱ्यांना काय तोटा? प्रत्येकाच्या खिशात एक आहे. खरे आहे, पण पक्ष स्वतःच चित्रित करतो आणि स्वतःच निवडून दाखवतो, ती जाहिरात होय. माहितीपटात निवड दुसऱ्याच्या हाती असते. आम आदमी पक्षाच्या दिल्लीतील प्रचारावरचा ‘अॅन इन्सिग्निफिकंट मॅन’ 2017 साली प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्याला प्रमाणपत्रासाठी झगडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनास स्थगिती नाकारली, तेव्हा वाट मोकळी झाली. त्या पक्षाशी आपले मतभेद तीव्र आहेत. तरीही त्याने आपल्या बैठकांत कॅमेऱ्याला बसू दिले, ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. विरोधकाचा गुण घेण्यात कमीपणा नाही.

आपली अडचण निराळी आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्याकडे संस्कार मानला जातो आणि तो योग्यच आहे. पायाच्या दगडाने कळसाचा हट्ट धरू नये. परंतु प्रसिद्धी वेगळी आणि नोंद वेगळी. 1977 ची निवडणूक आठवा. दीड-दोन वर्षांच्या कारावासातून किंवा भूमिगत जीवनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते हाती पैसा नसताना मार्चच्या उन्हात प्रचाराला भिडले आणि आणीबाणी लादणारी सत्ता मतपेटीतून गेली. स्वतंत्र भारतातील त्या विलक्षण प्रचाराचे साक्षीदार आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपण त्यांना विचारले नाही, तर त्यांचा इतिहास दुसरे कोणी लिहील. आणि तो त्यांना ओळखीचा वाटेलच असे नाही.

नोंद करावी आणि ती जपावीही, हे या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? 1844 नंतर रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने याच गावात मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाल्या. एका माणसाचे श्रम एका आगीत गेले. स्मृतीला आगही लागत नाही. ती नुसती विझते.

म्हणून एक विनंती करून थांबतो. उद्या घरी गेल्यावर आपल्या तालुक्यातील एका वृद्ध कार्यकर्त्याकडे जा. साधा भ्रमणध्वनी पुढे ठेवा आणि त्यांना बोलू द्या. विजयाबरोबर रुसवे, चुका, पराभव, एखाद्या निर्णयाविषयीची हळहळ, सारे येऊ द्या. नको असलेला भाग गाळण्याचा मोह आवरा. तो जिस्कार देस्तँ यांनाही आवरला नव्हता. आपल्याला आवरता आला, तर त्या राजचित्रातल्या घडे ओतणाऱ्या हातांनाही आपल्या काळात जागा मिळेल.

वंदे मातरम्!