सारंगी आणि पेटी

रॉटरडॅम सपाट खरं, पण एरास्मस पुलावर समोरून वारा आला की गिअर बदलावाच लागतो. जुन्या सायकलच्या दांडीवरची तरफ नुसत्या घर्षणावर थांबते, तिला खटके नाहीत. साखळी खरखरली की तरफ केसभर सरकवायची. आवाज मिटला, गिअर बसला. सारंगीच ती, सगळा कानाचा हिशेब! १९८४ साली शिमानो कंपनीनं ड्युरा-एस या गिअरसंचासोबत खटक्यांची पद्धत आणली. एक खटका, एक गिअर. सारंगीची पेटी झाली. पण केबल ताणून सैल पडली की ही पेटी बेसूर वाजते. साखळी मोठ्या चकतीवर चढेना? मागच्या गिअरपाशी, केबल शिरते तिथला गोल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवा. तरीही जमेना, तर तरफेवर कडी आहे का बघा. खटक्यांच्या बऱ्याच जुन्या तरफांवर असते. ती फिरवली की खटके बंद, आणि सारंगी पुन्हा तुमच्या हाती.