जागेवरून ओळख आणि नावावरून ओळख

पंचांगाची पाच अंगे आपणां सर्वांना ठाऊक आहेत: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. हा क्रम ठरलेला आहे. पहिले अंग म्हटले की तिथी आणि तिसरे म्हटले की नक्षत्र. ते कुणी निराळे सांगावे लागत नाही. पाचही गोष्टी वेगवेगळ्या जातीच्या. पण क्रमाने एकत्र बांधल्या म्हणजे त्यांतून एका दिवसाची ओळख पटते. संगणकाच्या भाषांत अशा क्रमाने बांधलेल्या गाठोड्याला ‘ट्यूपल’ म्हणतात. इंग्रजीत पाचपट, सहापट यांसाठी ‘क्विंटुपल’, ‘सेक्सटुपल’ असे शब्द आहेत. त्यांच्या शेपटापासून हा शब्द झाला. गाठोडे बांधणे सोपे आहे. त्यातली हवी ती वस्तू पुन्हा बाहेर कशी काढावयाची, याचा विचार आज करू.

पहिला मार्ग जागेचा. ‘पायथन’ या भाषेत गाठोड्याच्या नावापुढे चौकोनी कंसात आकडा लिहिला की त्या जागेवरची वस्तू हाती येते. मात्र ही भाषा शून्यापासून मोजते. तेव्हा तिसरे अंग जे नक्षत्र, ते मागावयाचे तर कंसात २ लिहावयाचे! उलट ‘स्काला’ आणि ‘सी शार्प’ या भाषांतल्या ट्यूपलमध्ये वस्तूंची मोजणी एकापासून होते. म्हणजे ‘तिसरे’ हा शब्दसुद्धा दिसतो तितका भोळा नाही.

यात आणखी एक अडचण आहे. काही भाषांत प्रत्येक वस्तूची जात, म्हणजे ती संख्या आहे की अक्षरे आहेत, हे प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच ठरावे लागते. यादीतल्या वस्तू एकाच जातीच्या असल्या तर ‘कितवी’ हा आकडा मागाहून कळला तरी बिघडत नाही. ट्यूपलचे तसे नाही. आकडा आधी ठाऊक नसेल, तर हाती संख्या येणार की अक्षरे, हे बिचाऱ्या कंपायलरने ओळखावे कसे? म्हणून ‘सी प्लस प्लस’मध्ये हा आकडा लिहितानाच पक्का करावा लागतो. ‘आयफेल’ भाषेत तो मागाहून दिलेला चालतो; पण मग येणारी वस्तू ‘कोणत्याही जातीची’ म्हणून हाती पडते, आणि तिची जात आपणच तपासून घ्यावयाची.

जातीची चूक निदान कंपायलर तरी पकडतो. पण दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असल्या तर? पुण्याचेच उदाहरण घ्या. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५२ उत्तर आणि रेखांश सुमारे ७३.८६ पूर्व. दोन संख्यांचे एक छोटेसे ट्यूपल झाले. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. ‘लीफलेट’ हे नकाशे दाखविणारे साधनही अक्षांश आधी मागते. परंतु नकाशाची माहिती लिहिण्याची ‘जिओजेसन’ नावाची पद्धत आहे, तिच्या २०१६ सालच्या प्रमाणलेखात रेखांश आधी आहे. आता एकाने जिओजेसनमधली जोडी उचलली आणि जशीच्या तशी अक्षांश आधी मागणाऱ्या साधनाला दिली, तर पुणे कोठे जाईल? थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेन्ट्‌स समुद्रात, बेअर बेटाच्या जवळपास! आणि यंत्र चकार शब्द काढणार नाही. अक्षांश नव्वदपर्यंत असू शकतात, ७३.८६ हे अक्षांश त्याच्या दृष्टीने अगदी रास्त आहेत. नकाशावर पुणे समुद्रात दिसले तर आपण हसू; पण हीच जोडी रुग्णवाहिका कोठे पाठवावयाची हे ठरविण्यासाठी वापरली जात असेल, तर हसण्याची सोय राहत नाही.

दुसरा मार्ग नावाचा. वस्तुकेंद्री प्रोग्रामिंगची सुरुवात १९६० च्या दशकात ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नुगार्ड यांच्या ‘सिम्युला’ भाषेपासून झाली. या पद्धतीत वस्तूच्या प्रत्येक भागाला नाव असते. ‘स्थान’ लिहावे, एक ठिपका द्यावा आणि पुढे ‘अक्षांश’ लिहावे. कितवा, हा प्रश्नच उरत नाही. मध्ये ‘उंची’ हा नवा भाग घातला तरी जुनी मागणी चुकत नाही; आकड्यांनी मागितले असते तर पुढचे सारे आकडे घसरले असते. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली माहितीच्या तक्त्यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातही हाच विचार आहे. तक्त्याची ओळ म्हणजे ट्यूपलच. पण स्तंभांचा क्रम लक्षात ठेवण्याचे ओझे वापरणाऱ्यावर टाकू नये, त्याने नावाने मागावे, असे त्यांनी तेव्हाच सुचविले होते.

पुढे भाषांनी दोन्ही मार्गांचा मेळ घातला. पायथनमध्ये २००८ सालापासून नावे दिलेले ट्यूपल मिळते. त्यात आकड्यानेही मागता येते आणि नावानेही. सी शार्पमध्ये ही सोय २०१७ साली आली. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सी शार्पमधली ही नावे डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी आहेत. ‘अक्षांश, रेखांश’ अशा चिठ्ठ्यांची जोडी ‘रेखांश, अक्षांश’ अशा चिठ्ठ्यांच्या जोडीत ओतली, तर ती नावानुसार नव्हे, जागेनुसारच ओतली जाते. ‘जावा’ भाषेने २०२१ साली ‘रेकॉर्ड’ कायम केले. त्यात नाव हे वस्तूच्या जातीचाच भाग असते. तरीसुद्धा ते बांधताना किमती क्रमानेच द्याव्या लागतात. काढताना नाव आणि भरताना क्रम, म्हणजे अर्धे कुलूप लागले आणि अर्धे उघडेच राहिले! पायथनमध्ये भरतानाही नावे लिहिता येतात. तेथे आळस करू नये.

मग क्रमाने काढणे वाईटच का? तसे मुळीच नाही. एका संख्येला दुसरीने भागले आणि भागाकार व बाकी अशी जोडी परत आली, तर ती तिथल्या तिथे सोडून दोन नावांत ठेवावी. त्यासाठी निराळी वस्तू रचण्याचा खटाटोप कशाला? गाठोडे ज्याने बांधले त्यानेच पुढच्या ओळीत सोडले, तर क्रम डोळ्यांसमोर असतो. पण तेच गाठोडे दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, किंवा सहा महिन्यांनी आपणच ते सोडणार असू, तर आतल्या वस्तूंना नावे द्या. क्रम हा बांधणाऱ्याच्या मनात असतो, आणि ते मन गाठोड्याबरोबर पाठवता येत नाही. नाव मात्र पाठवता येते.