पोर खात नाही, की त्याला भूक नाही?
(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषण)



आज भात, भेंडी, काकडी बाजूला ठेवून आपण घरातल्या सर्वांत कोवळ्या रोपाविषयी बोलू. मुरबाड, शहापूर, कल्याणच्या कोणत्याही गावात जा, दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या आईची एकच तक्रार ऐकू येते : "पोर काही खातच नाही हो!" लेक डोंबिवलीला किंवा ठाण्याला दिलेली असेल, तर फोनवर तिचीही तीच तक्रार. इकडे लावणीच्या दिवसांत आई चिखलात आणि मूल आजीपाशी असते. तिकडे आई-वडील सकाळची लोकल पकडतात आणि मूल पाळणाघरात असते. रडले की त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो. मग जेवणाच्या वेळी तोंड मिटते आणि घास घेऊन मागे पळणे सुरू होते.

भूक कमी का होते?

जन्मतः तीन किलोचे बाळ वर्षाचे होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जाते, म्हणजे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षभरात मात्र त्याचे वजन साधारण अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. याच वयात मूल चालू लागते, 'नको' म्हणायला शिकते आणि अनोळखी पदार्थाची त्याला धास्ती वाटते. हा आजार नव्हे. लावणीनंतर भाताची रोपे काही दिवस मलूल दिसतात. म्हणून आपण ती वर ओढून पाहत नाही. पाणी, खत वेळेवर देतो आणि रोपाला मूळ धरू देतो. मुलाचेही तसेच आहे.

कामाची वाटणी

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात एक सोपी वाटणी सुचविली. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. आपल्या घरी बहुधा उलटे घडते. काय आणि केव्हा हे मूल ठरवते आणि किती ते आपण कोंबतो. ही वाटणी सरळ करण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) वेळ ठरवावी. दिवसात तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा हलके खाणे पुरे. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर असावे. मधल्या वेळेत फक्त पाणी द्यावे.

२) चहा बंद करावा. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. वरचे दूध दिवसाला दोन कपांपेक्षा, म्हणजे सुमारे ४०० मि.ली. पेक्षा जास्त देऊ नये. दुधात लोह फार कमी असते आणि पोट दुधाने भरले की वरणभाताला जागा उरत नाही. आईचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवण्यास हरकत नाही.

३) थोडे वाढावे. वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थ एक मोठा चमचा, एवढ्यापासून सुरुवात करावी. मागितले तर आणखी द्यावे. भरलेले ताट पाहून मूल दबते.

४) नवा पदार्थ ओळखीच्या पदार्थासोबत द्यावा. भोपळ्याची भाजी एकदा थुंकली म्हणून सोडून देऊ नये. एखादी चव अंगवळणी पडण्यास दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. दर वेळी चमचाभर वाढावी, आग्रह करू नये.

५) लाच, धाक, टीव्ही आणि मोबाइल टाळावेत. "पोळी संपव, मग चॉकलेट देते," म्हटले की पोळी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचलावे.

६) मुलाला पंगतीत बसवावे. घरातील मोठी जे खातात तेच, तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढून द्यावे. सांडले तरी स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे.

हे नियम घरातील सर्वांनी पाळले तरच उपयोग होतो. आईने वेळ पाळायची आणि आजोबांनी बाजारातून येताना वेफर्स आणायचे, असे चालणार नाही. लेकीने पाळणाघरातही हेच सांगून ठेवावे.

थोड्या घासात जास्त ताकद

मूल कमी खाते, म्हणून जे खाते ते कसदार हवे. वरणभातावर चमचाभर तूप किंवा तेल घालावे. अंडे, डाळ, वाल, शेवग्याचा पाला, माठ, पिकलेली पपई, केळे यांची आलटून-पालटून योजना करावी. आपली नाचणी तर कॅल्शियमचे कोठार आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

नाचणीला मोड आणावेत. ती निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी आणि ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवावी. मोड आले की वाळवून मंद आचेवर हलकी भाजावी व दळावी. अशा पिठाची पेज कमी घट्ट होते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवता येते आणि लहान पोटात जास्त कस जातो. मासे खाणाऱ्या घरात बिनमिठाचा सुका जवळा वाळू काढून भाजावा, त्याची पूड करावी आणि अर्धा चमचा भातात मिसळावी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि द्राक्षे मात्र देऊ नयेत. ती घशात अडकून जीव धोक्यात येतो.

नखरे नसतात तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'पोर नखरेल आहे' म्हणून दुर्लक्ष केल्यास खरे कुपोषण नजरेतून सुटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. म्हणून निवाडा ताटावर करू नये, वजनाच्या काट्यावर करावा.

त्यासाठी अंगणवाडी आहे. हे नाव आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. बोर्डी, कोसबाड हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचे वजन करून घ्यावे. तीन वर्षांखालील मुलासाठी तेथून घरी न्यायचा आहार मिळतो. तो मुलाच्याच पोटात जावा, गुरांच्या दावणीत जाऊ नये.

वजनाची रेघ वर चढत असेल आणि मूल खेळते असेल, तर काळजी नको. मात्र पुढीलपैकी काहीही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे :
– दोन-तीन महिने वजन वाढत नाही किंवा घटते.
– दंडाचा घेर साडेबारा सें.मी. पेक्षा कमी भरतो. साडेअकराच्या खाली असल्यास त्याच दिवशी न्यावे.
– पायांवर सूज आहे, मूल फिकट व मलूल आहे, माती खाते.
– वारंवार जुलाब, उलटी होते, गिळताना ठसका लागतो.
– दोन-तीनच पदार्थ खाते आणि बोलणेही मागे पडले आहे.

जंताचे औषध वर्षातून दोनदा, आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने द्यावे.

भगिनींनो, धाकाने भरवलेला घास अंगी लागत नाही, आणि वेळीच न केलेले वजन पुढे महागात पडते. पिकाची नोंद आपण वहीत ठेवतो. तशीच मुलाच्या वजनाची नोंदही आजपासून ठेवावी. वडिलांनीही ती महिन्यातून एकदा पाहावी, एवढीच विनंती.