मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. अशा मंगल प्रसंगी लघवीच्या विकाराविषयी बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या दुखण्याचे नाव घेण्याचा संकोच वाटतो, तेच दुखणे घरात दडविले जाते. आणि दडविलेल्या दुखण्यावर वैद्याच्या सल्ल्याऐवजी फडताळात उरलेली गोळी घेतली जाते. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा विकार होतो. तेव्हा ज्याचा या विषयाशी संबंध येत नाही, असे घर आपल्या ज्ञातीत क्वचितच असेल.

या विकाराचे प्रमुख कारण ई. कोलाय नावाचा जंतू होय. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मलातून त्याचा शोध लावला. तो आपल्या सर्वांच्याच आतड्यात नांदतो आणि तेथे बहुधा निरुपद्रवी असतो. मूत्रमार्गात शिरला म्हणजे मात्र त्याचे रूप पालटते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे हा प्रवेश त्यांच्या बाबतीत अधिक सुलभ होतो. यात त्यांच्या स्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही दोष आहे, असे मानणे हे केवळ अज्ञान आहे.

लघवीच्या प्रवाहाबरोबर सामान्य जंतू वाहून जातात. जे टिकतात त्यांच्यापाशी विशेष साधने असतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. एका जातीच्या तंतूच्या टोकाशी असलेले प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील शर्करेला घट्ट धरून ठेवते. दुसऱ्या जातीचे तंतू मूत्रपिंडाला चिकटण्यास उपयोगी पडतात. काही जंतू पेशी फोडणारे विष निर्माण करतात. शरीर लोह जपून ठेवते, तर हे जंतू लोह ओढून आणणारी द्रव्ये बाहेर सोडतात. कित्येक तर मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरून तेथेच वाढतात. विकार बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उलटतो, त्याचे हे एक कारण आहे. या सर्व सामर्थ्यास रोगजननशक्ती असे म्हणतात.

औषधास दाद न देण्याची शक्ती ही याहून निराळी गोष्ट आहे. पेनिसिलीन सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, १९४० साली, एब्रहॅम व चेन या शास्त्रज्ञांनी कोलाय जंतूमध्येच पेनिसिलीनचा नाश करणारे द्रव्य दाखवून दिले होते. १९४६ साली लेडरबर्ग व टेटम यांनी याच जातीचे जंतू आपसांत आनुवंशिक गुणांची देवघेव करतात, हे सिद्ध केले. पुढे असे आढळले की, औषधप्रतिकाराचे गुण ज्यांवर असतात अशी सुटी वर्तुळे एक जंतू दुसऱ्यास देऊ शकतो. एकाच वर्तुळावर अनेक औषधांविरुद्धचे गुण एकत्र असू शकतात. सबब एक औषध वारंवार घेतल्याने न घेतलेली औषधेही निकामी होऊ शकतात.

प्रतिकार करणारा जंतू दुबळा असावा, असा एक काळ समज होता. २००८ साली ‘एसटी १३१’ या नावाने वर्णिलेल्या कोलायच्या वंशाने तो समज फोल ठरविला. जगभर पसरलेल्या या वंशात चिकटण्याची व विकार उत्पन्न करण्याची साधने विपुल आहेत, आणि त्याचबरोबर त्याच्या अनेक शाखा सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील व सेफालोस्पोरिनच्या तिसऱ्या पिढीतील औषधांना दाद देत नाहीत. औषधप्रतिकारामुळे जगात २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही आज उभे राहिलो तो मुद्दा सांगतो. सर्दी-पडशासाठी घेतलेले प्रतिजैविक केवळ घशापुरते राहत नाही. ते आतड्यातही पोहोचते. सर्दी तर बहुधा विषाणूंमुळे होते, म्हणून तिला या औषधाचा उपयोग नाही. परंतु आतड्यातील गरीब जंतू मरतात, मुजोर उरतात, आणि त्यांचे वर्चस्व कित्येक महिने राहू शकते. पुढे मूत्रमार्गाला विकार झाला की तो याच उरलेल्यांपासून होतो. शिवाय एका घरात राहणारी माणसे हे जंतू एकमेकांस देत असतात. मुलाने कारण नसता घेतलेल्या गोळीचे फळ घरातील गर्भवती सुनेस भोगावे लागणे अशक्य नाही. म्हणून औषध हा वैयक्तिक प्रश्न नसून कुटुंबाचा प्रश्न आहे.

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा ही दुर्मिळ औषधे स्वदेशात निर्माण होणार याचा महाराष्ट्रास अभिमान वाटला. आज दुर्मिळता संपली. विवेक तेवढा दुर्मिळ झाला. अनेक प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीवर निर्बंध घालणारी ‘एच-१’ अनुसूची १ मार्च २०१४ पासून अंमलात आहे. परंतु कायद्याचा हात दुकानापर्यंत पोहोचतो. आपल्या फडताळापर्यंत आपलाच हात पोहोचला पाहिजे.

तेव्हा काय करावे? लघवीस जळजळ, वारंवार जावे लागणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसताच संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. विकार उलटलेला असेल, ताप असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर करण्यास द्यावे. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी व बाटली त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवावी. अहवालास दोन-तीन दिवस लागतात. तोवर कोणते औषध द्यावे हे डॉक्टर ठरवितात. मूत्राशयापुरत्या साध्या विकारात १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटॉइन आजही पुष्कळदा गुणकारी ठरते. मात्र थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखू लागले, तर रोग मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याचा संभव असतो. तेथे हे औषध पुरेसे पडत नाही आणि विलंबही परवडत नाही.

घरातील वृद्धांच्या लघवीत जंतू आढळले पण त्रास काहीच नाही, तर सामान्यतः औषधाची गरज नसते. याउलट गर्भवतीच्या लघवीत जंतू आढळल्यास, त्रास नसला तरी, उपचार करावा लागतो. उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नयेत, शेजारणीस देऊ नयेत, आणि डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मध्येच सोडू नये.

पाण्याविषयीही एक शब्द. एरवी थोडे पाणी पिणाऱ्या व वारंवार हा विकार होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, तेव्हा विकाराचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. पण आपल्या भगिनी प्रवासात व समारंभात पाणीच पीत नाहीत, कारण जाण्याजोगी जागा नसते. त्यांना पाणी प्या असा उपदेश करण्याआधी ती जागा आपण दिली पाहिजे.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून गरजू भगिनींच्या कल्चर-तपासणीचा खर्च द्यावा. पैशासाठी तपासणी टळते आणि अंदाजाने औषध दिले जाते. तसेच पुढील संमेलन जेथे भरेल, तेथे स्त्रियांसाठी स्वच्छ व पुरेशा स्वच्छतागृहांची सोय आहे की नाही, हे जागा ठरविण्यापूर्वीच पाहावे. शिष्यवृत्ती देऊन आपण मुलींस शिकविले; त्यांचे आरोग्य राखण्यास याहून मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.