विद्येचे ऋण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज शिष्यवृत्त्या वाटताना मला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे स्मरण होते. १८८५ साली स्थापन झालेल्या त्या विद्यालयात आगरकर, गोखले यांच्यासारख्यांनी अल्प वेतनावर अध्यापन केले. १८९१ पासून तेथे गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे त्यांच्यापैकीच. आपले आप्त रघुनाथ परांजपे यांच्या शिक्षणास कर्व्यांनी मोठा आधार दिला. परांजपे याच कॉलेजात शिकून केंब्रिजला गेले व १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराची सरकारी जागा त्यांना दुर्लभ नव्हती. तरीही ते मातृसंस्थेकडे परतले आणि १९०२ साली अल्प वेतनावर प्राचार्य झाले.

मंडळी, आपल्या शिष्यवृत्तिनिधीचे दुखणे नेमके येथेच आहे. घेणारे पुष्कळ, परतणारे थोडे. मीही याच निधीवर शिकलो. पहिली परतफेड करावयास मला बारा वर्षे लागली, याची आज लाज वाटते. बाळांनो, तुम्ही इतका उशीर लावू नका. तुमच्यामागून येणारे मूल दाराशी उभे आहे, एवढे ध्यानी ठेवा.